विश्लेषण : ‘शंभर वर्षांतून एकदा’ येणारा पाऊस ठरवतात कसा? संख्याशास्त्राची चाचणी पास होऊनही आकडा का चुकू शकतो?

मुंबई तुंबली की दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. पहिले, ‘हा अभूतपूर्व पाऊस होता’. दुसरे, ‘असा पाऊस शंभर वर्षांतून एकदाच पडतो’. पहिले वाक्य जुन्या नोंदी उघडून तपासता येते. दुसऱ्या वाक्यामागे मात्र एक गणित असते आणि त्या गणितामागे ‘गुडनेस ऑफ फिट’ नावाची चाचणी असते. नाले किती रुंद बांधायचे, पुलाची उंची किती ठेवायची, पंप किती ताकदीचे घ्यायचे हे अशाच गणितावर ठरते. ही चाचणी काय सांगते आणि काय सांगत नाही, याचा आढावा.

२६ जुलै २००५ रोजी काय घडले होते?

२७ जुलैच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांत सांताक्रूझ वेधशाळेत ९४४.२ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच २४ तासांत कुलाब्यात ७५ मिमीदेखील पाऊस झाला नाही. दोन्ही केंद्रांमध्ये अंतर जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटरचे. दुपारनंतर सांताक्रूझला पावसाचा वेग ताशी १९० मिमीपर्यंत गेला होता.

तेव्हा शहराच्या जुन्या पर्जन्य जलवाहिन्या ताशी २५ मिमी पावसाचा हिशेब धरून बांधलेल्या होत्या, तोही समुद्राला ओहोटी असेल तर. १९८५ च्या पुरानंतर ‘ब्रिमस्टोवॅड’ हा अभ्यास हाती घेण्यात आला. १९९३ साली आलेल्या त्याच्या अहवालाने ही क्षमता ताशी ५० मिमीपर्यंत नेण्याची शिफारस केली होती. ते काम रखडले आणि मधल्या काळात २६ जुलै येऊन गेला. मुंबईत चारशेहून अधिक माणसे दगावली. त्यानंतर माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली आणि ब्रिमस्टोवॅडच्या कामाला पुन्हा गती आली.

प्रश्न असा, की २५ किंवा ५० हा आकडा येतो कुठून? मोठा आकडा धरला तर खर्च वाढतो, छोटा धरला तर शहर बुडते. म्हणून ‘किती मोठा पाऊस किती वर्षांतून एकदा पडतो’ याचा अंदाज लागतो.

‘शंभर वर्षांतून एकदा’ म्हणजे नेमके काय?

या शब्दप्रयोगाने सर्वाधिक गोंधळ होतो. त्याचा अर्थ ‘एकदा पडला, आता शंभर वर्षे निश्चिंत’ असा नाही. कोणत्याही एका वर्षी असा पाऊस पडण्याची शक्यता १ टक्का आहे, एवढाच त्याचा अर्थ. यंदा पडला तरी पुढच्या वर्षी ती शक्यता पुन्हा १ टक्काच राहते.

एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. पण ३० वर्षांचे गृहकर्ज घेऊन सखल भागात घर घेतले, तर कर्ज फिटेपर्यंत असा पाऊस किमान एकदा पाहण्याची शक्यता २६ टक्के होते. ५० वर्षांसाठी हाच आकडा साडेएकोणचाळीस टक्क्यांवर जातो.

दुसरी गोष्ट, हा हिशेब एका ठिकाणापुरता असतो. राज्यात एकमेकांपासून दूर अशी शंभर पर्जन्यमापन केंद्रे धरली, तर त्यांपैकी कुठे ना कुठे सरासरी दरवर्षी एकदा ‘शंभर वर्षांतला’ पाऊस पडणारच. त्यामुळे अशी बातमी दर पावसाळ्यात येते, म्हणून गणित चुकले असे लगेच म्हणता येत नाही.

हा आकडा काढतात कसा?

पद्धत समजायला सोपी आहे. एखाद्या केंद्रावरील दरवर्षीचा सर्वांत जास्त पावसाचा एक दिवस निवडायचा. ५० वर्षांच्या नोंदी असतील तर ५० आकडे मिळतात. पण ५० आकड्यांतून ‘शंभर वर्षांतला’ पाऊस थेट वाचता येत नाही, कारण तेवढी वर्षे हाताशीच नाहीत.

मग या ५० आकड्यांवर एखादा गणिती वक्र बसवला जातो. याला संभाव्यता वितरण म्हणतात. मध्यम आकडे किती वेळा येतात, मोठे किती वेळा आणि प्रचंड मोठे किती वेळा, हे तो वक्र सांगतो. वक्र एकदा बसला की तो पुढे वाढवून नोंदींच्या पलीकडचा अंदाज काढता येतो.

कमाल पाऊस आणि पूर यांसाठी ‘गुम्बेल’ वितरण दीर्घकाळ वापरात आहे. नाझींना उघड विरोध केल्यामुळे जर्मनीतली प्राध्यापकी गमावलेले गणिती एमिल गुम्बेल यांच्या नावावरून ते ओळखले जाते. पण गुम्बेल हा एकच पर्याय नाही. लॉग-नॉर्मल, लॉग-पिअर्सन, ‘जीईव्ही’ असे इतरही वक्र आहेत. त्यांतला कोणता आपल्या आकड्यांना साजेसा आहे, हे ठरवताना गुडनेस ऑफ फिट चाचणी कामी येते.

गुडनेस ऑफ फिट म्हणजे काय?

शिंप्याकडे शिवलेला सदरा अंगावर चढवून पाहतात, तशी ही चाचणी. प्रत्यक्ष आकडे हे अंग आणि गणिती वक्र हा सदरा. कुठे सैल, कुठे घट्ट, हे मोजायचे. फरक योगायोगाने पडू शकेल इतकाच असेल तर सदरा चालतो. त्याहून जास्त असेल तर तो परत करायचा.

यातली सर्वांत जुनी आणि परिचित चाचणी म्हणजे ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांनी १९०० साली मांडलेली काय-स्क्वेअर चाचणी. ती समजून घेण्यासाठी लुडोचा फासा पुरेसा आहे.

फासा ६० वेळा टाकला. तो खरा असेल तर प्रत्येक आकडा साधारण १० वेळा यायला हवा. प्रत्यक्षात १ ते ६ हे आकडे अनुक्रमे ८, ९, १२, ११, ६ आणि १४ वेळा आले. प्रत्येक आकड्यासाठी अपेक्षेपासूनचा फरक घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, अपेक्षित संख्येने भागायचे आणि सगळ्यांची बेरीज करायची. इथे उत्तर येते ४.२. सहा बाजूंच्या फाशासाठी प्रचलित ५ टक्के निकषानुसार मर्यादा ११.०७ आहे. ४.२ त्याच्या बरेच खाली आहे. फासा ‘पास’.

पास झाला म्हणजे फासा खरा आहे का?

नाही, आणि या विषयातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

आता तोच फासा ६०० वेळा टाकला आणि प्रमाण तंतोतंत तेच राहिले असे समजू. म्हणजे ८०, ९०, १२०, ११०, ६० आणि १४०. पाचचा आकडा पूर्वीइतकाच कमी, सहाचा पूर्वीइतकाच जास्त. या वेळी बेरीज येते ४२. मर्यादा मात्र ११.०७ च आहे. फासा ‘नापास’.

कल दोन्ही वेळा तेवढाच होता. पहिल्या वेळी तो पकडण्याइतके पुरावे नव्हते. म्हणजे चाचणी पास होण्याचा अर्थ ‘वितरण बरोबर आहे’ असा नसून ‘ते चुकीचे आहे असे म्हणायला एवढी आकडेवारी पुरत नाही’ असा आहे. न्यायालयात पुराव्याअभावी सुटका होणे आणि निर्दोषत्व सिद्ध होणे यांत जेवढे अंतर, तेवढेच इथेही.

पावसाच्या बाबतीत आकडेवारी नेहमीच तोकडी असते. फासा आणखी ५४० वेळा टाकता येतो. पावसाळा मात्र वर्षातून एकदाच येतो.

पावसासाठी कोणत्या चाचण्या वापरतात?

काय-स्क्वेअरसाठी आकड्यांचे गट पाडावे लागतात आणि गट कसे पाडले यावर उत्तर बदलते. म्हणून जलविज्ञानात आणखी दोन चाचण्या सर्रास वापरल्या जातात.

पहिली कोल्मोगोरोव्ह-स्मिर्नोव्ह, थोडक्यात ‘केएस’. रशियन गणिती आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांनी १९३३ साली तिचा पाया घातला. यात प्रत्यक्ष आकडे चढत्या क्रमाने लावून पायऱ्यांचा जिना तयार करतात आणि त्याशेजारी गणिती वक्र काढतात. जिना आणि वक्र यांच्यातले सर्वांत मोठे उभे अंतर हेच या चाचणीचे उत्तर.

दुसरी अँडरसन-डार्लिंग चाचणी १९५२ सालची. ती एका अंतरावर न थांबता संपूर्ण वक्रावरचे फरक जमेस धरते आणि दोन्ही टोकांकडच्या फरकांना जास्त वजन देते. अतिवृष्टीचा प्रश्न टोकाचाच असल्याने इथे ती केएसपेक्षा अधिक कामाची ठरते.

केएसची अडचण एका आकड्यात दिसते. ५ टक्के निकषानुसार तिची मर्यादा ढोबळमानाने १.३६ भागिले नोंदींच्या संख्येचे वर्गमूळ इतकी असते. ५० वर्षांच्या नोंदींसाठी ती ०.१९ येते. म्हणजे वक्र आणि वास्तव यांत १९ टक्क्यांपर्यंत अंतर असले तरी चाचणी हरकत घेत नाही. शिवाय ज्या आकड्यांवरून वक्र बसवला त्याच आकड्यांवर तो तपासला, तर ही मर्यादाही फारच सैल ठरते आणि वेगळी सारणी वापरावी लागते. गुम्बेलसाठी सुधारित मर्यादा घेतली तरी ती ०.१२ च्या आसपास राहते. आपल्याला मात्र काळजी आहे ती शेवटच्या १ टक्क्याची.

याने प्रत्यक्षात किती फरक पडतो?

एक कल्पित उदाहरण घेऊ. ही सांताक्रूझची खरी आकडेवारी नव्हे, फक्त फरक कळण्यासाठी घेतलेले सोयीचे आकडे आहेत. समजा, एका केंद्रावर वर्षातल्या सर्वाधिक पावसाच्या दिवसाची सरासरी २०० मिमी आहे आणि आकड्यांचा फैलाव, म्हणजे प्रमाण विचलन, ७० मिमी आहे. त्यावर गुम्बेल वक्र बसवला. शेजारी दुसरा, जीईव्ही प्रकारचा वक्र काढला. त्याची जागा आणि रुंदी तीच ठेवली, फक्त शेपटी किंचित जाड केली. (शेपटीचा आकार ठरवणारा घटक शून्याऐवजी ०.१५ घेतला.)

हे दोन वक्र एकमेकांपासून जास्तीत जास्त किती लांब जातात? सुमारे ०.०३४. केएसची मर्यादा होती ०.१९. म्हणजे ५० वर्षांच्या नोंदींवर ही चाचणी या दोघांत डावे-उजवे करू शकत नाही. बहुतेक वेळा दोन्ही पास होतील. मर्यादा ०.०३४ पर्यंत खाली आणायची तर सुमारे १६०० वर्षांच्या नोंदी लागतील. कुलाबा वेधशाळेची स्थापनाच १८२६ सालची आहे.

आता याच दोन वक्रांना ‘शंभर वर्षांतला पाऊस किती’ असे विचारू. गुम्बेल सांगतो ४२० मिमी. दुसरा सांगतो ५३० मिमी. एका दिवसात ११० मिमीचा फरक. या फरकावर नाल्याची रुंदी, पुलाची उंची आणि कंत्राटाची रक्कम बदलते.

आणखी पुढे जाऊन ‘९४४ मिमी पाऊस किती वर्षांतून एकदा’ असे विचारले तर उत्तरे थक्क करणारी येतात. पहिल्या वक्रानुसार सुमारे १५ लाख वर्षांतून एकदा. दुसऱ्यानुसार सुमारे २००० वर्षांतून एकदा. एका उत्तराचा अर्थ ‘हे अशक्यच होते, कोणी काय करणार’ असा निघतो. दुसऱ्याचा अर्थ ‘दुर्मीळ, पण तयारीत गृहीत धरण्यासारखे’ असा. चाचणीच्या लेखी दोन्ही वक्र सारखेच.

हवामान बदलाने गणितात काय बदलले?

या सगळ्या चाचण्यांमागे एक गृहीतक असते, की सर्व ५० आकडे एकाच पिशवीतून आले आहेत. म्हणजे १९७५ चा पाऊस आणि आजचा पाऊस एकाच नियमाने पडतो. ते आता सहज मान्य करता येत नाही.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्याचे दाखवले. अलीकडचे उदाहरण २०२५ चे. त्या वर्षी २६ मे रोजीच मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला आणि कुलाब्याच्या मे महिन्यातील पावसाने १९१८ चा विक्रम मोडला. एका वर्षावरून निष्कर्ष काढता येत नाही, हे खरे. पण नियमच बदलत असेल तर जुन्या ५० आकड्यांवर उत्तम जुळलेला वक्रही पुढच्या ५० वर्षांसाठी जुना ठरतो. गुडनेस ऑफ फिट चाचणी फक्त मागचे पाहते. पुढे काय होणार, हे तिला विचारलेलेच नसते.

मग या चाचण्या निरुपयोगी आहेत का?

अजिबात नाही. त्यांचा ‘नापास’ हा निकाल बराच भरवशाचा असतो. एखादा वक्र ५० आकड्यांवरही नापास होत असेल तर तो निर्धास्तपणे बाजूला ठेवता येतो. चूक होते ती ‘पास’ला प्रमाणपत्र समजण्यात.

म्हणून जाणकार काही पथ्ये पाळतात. एकाच चाचणीवर न थांबता दोन-तीन चाचण्या लावतात. ‘क्यू-क्यू’ आलेख काढतात. त्यात वक्राने वर्तवलेले आणि प्रत्यक्ष आकडे समोरासमोर ठेवले जातात आणि वरच्या टोकाचे ठिपके रेषेपासून सुटू लागले की नजरेलाच कळते. एका केंद्राच्या नोंदी अपुऱ्या असतील तर आसपासच्या, सारख्या हवामानाच्या केंद्रांची आकडेवारी एकत्र करतात. आणि सर्वांत महत्त्वाचे, उत्तर एका आकड्यात न देता ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असे देतात.

धरणांच्या बाबतीत भारतीय मानकांनी हा धडा आधीच घेतला आहे. १९८५ च्या ‘आयएस ११२२३’ या मानकानुसार छोट्या धरणांच्या सांडव्यासाठी शंभर वर्षांतला पूर धरला जातो. मोठ्या धरणांसाठी मात्र वक्रावर विसंबत नाहीत. हवामानाच्या दृष्टीने जास्तीत जास्त किती पाऊस शक्य आहे याचा विचार करून येऊ शकणारा कमाल पूर काढला जातो. जिथे चुकीची किंमत हजारो जीव असू शकते, तिथे शेपटीचा अंदाज ५० आकड्यांवर सोडत नाहीत.

सामान्य नागरिकाने काय विचारावे?

नाल्याचे रुंदीकरण, नदीची पूररेषा, नवा पूल किंवा मेट्रोचे भुयारी स्थानक, अशा प्रत्येक प्रकल्पाच्या अहवालात ‘अमुक वर्षांतला पाऊस धरला आहे’ असे वाक्य असते. ते वाचताना चार प्रश्न पुरेसे आहेत. किती वर्षांच्या नोंदी वापरल्या? त्यात अलीकडची वर्षे आहेत का? नोंदी कोणत्या केंद्राच्या, कारण २६ जुलैला कुलाबा आणि सांताक्रूझ यांच्यात ८७० मिमीचा फरक होता? आणि दुसरा वक्र घेतला असता तर आकडा किती बदलला असता?

चौथ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकदा अहवालात नसते. ‘चाचणी केली, वितरण योग्य आढळले’ एवढीच ओळ असते. ती ओळ खोटी नसते, पण अपुरी असते. ४२० आणि ५३० यांपैकी कोणता आकडा धरायचा हे शेवटी गणित ठरवत नाही. चुकलो तर किती नुकसान सोसायची तयारी आहे, यावर ते ठरते. तो निर्णय महापालिकेने आणि सरकारने घ्यायचा असतो आणि त्याचा खुलासाही त्यांनीच करायचा असतो. त्यासाठी दोन्ही आकडे लोकांसमोर असायला हवेत.